मिनामाताचा समुद्र आणि ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार

पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा एक सक्तीचा पेपर असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तो देशभर लावला. मी मराठीचा शिक्षक. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयात कार्यभार पुरा करण्यासाठी असले पेपर भाषेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात. म्हणून गेली काही वर्षे मी समुद्राचे प्रकरण शिकवतो आहे. शिकवणारा आणि शिकणारे दोघेही समुद्रापासून चारशे किलोमीटर दूर. प्रकरणाचा मथितार्थ एवढाच, की मानवाच्या हस्तक्षेपामुळे सागरी परिसंस्थेचा समतोल ढळतो. परंतु निसर्गाच्या अंगी सावरण्याची शक्ती असते, आणि मानवाने वेळीच हात आवरला तर समुद्र पुन्हा पूर्वपदाला येतो.

हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण भाषेच्या शिक्षकाला वाक्याचा कर्ता शोधण्याची खोड असते. हा ‘मानव’ नावाचा गृहस्थ कोण? तो एकवचनी आहे, त्याला जात नाही, वर्ग नाही, राहण्याचा पत्ता नाही. समुद्रात विष सोडणारा मानव आणि त्या समुद्रातला मासा खाऊन मेलेला मानव ह्या दोघांना एकाच शब्दात बसवले की हिशेब फार सोपा होतो. आपल्या वाचकाला हे व्याकरण नवीन नाही. ‘पूर्वी अस्पृश्यता पाळली जात असे’ ह्या कर्मणी प्रयोगातही पाळणारा दिसत नाही. शाळेत ते वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केले आहे.

ह्या शब्दाची झडती घ्यायची तर परिभाषेचे ग्रंथ उपयोगी पडत नाहीत, कारण तो शब्द त्यांच्याच घरचा आहे. मला उपयोगी पडले ते एक वाङ्मयीन पुस्तक. इशिमुरे मिचिको ह्या जपानी लेखिकेचे ‘कुगाई जोदो’. १९६९ साली ते जपानीत प्रसिद्ध झाले; लिव्हिया मोने यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९० साली आला, आणि मी वाचला तो हा अनुवाद. त्याची गणना जगातल्या थोर पर्यावरणग्रंथांत होते. मला मात्र ते वाचताना वारंवार आपल्याकडच्या वादांची आठवण झाली: कोणी कोणाविषयी लिहावे, कोणाच्या तोंडून लिहावे, आणि ‘आपण’ हे सर्वनाम कोणी वापरावे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी घटना सांगितली पाहिजे. क्यूशू बेटाच्या पश्चिमेला शिरानुई समुद्र आहे. अमाकुसा बेटांनी त्याला समोरून कवेत घेतले आहे. महासागराशी त्याचा संबंध अरुंद वाटांनी. पाणी शांत, मासळी मुबलक, आणि एकदा आत आलेली वस्तू सहजी बाहेर न जाणारी. त्याच्या काठी मिनामाता हे गाव. १९०८ साली तिथे एक कारखाना आला. पुढे चिस्सो ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा हा कारखाना. १९२६ मध्येच मच्छीमारांच्या संघाने मासळी कमी झाल्याची तक्रार केली, तेव्हा कंपनीने १५०० येन दिले आणि पुन्हा कधीही तक्रार करायची नाही अशी अट घातली. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. त्यात उत्प्रेरक म्हणून पारा वापरीत, आणि प्रक्रियेत तयार होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर हयाक्केन बंदरातून उपसागरात जाई.

पारा नुसता पाण्यात पसरून विरळ झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मिथिल पारा सजीवांच्या शरीरात साठतो. प्लवंगांत थोडा, प्लवंग खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, त्या लहान माशाला गिळणाऱ्या मोठ्या माशात कितीतरी पटींनी जास्त. साखळीच्या टोकाला उभा असतो तो सकाळ-दुपार-संध्याकाळ मासा खाणारा माणूस. समुद्र मेलेला असता तर हे घडले नसते. तो जिवंत होता, एक जीव दुसऱ्याला खात होता, म्हणूनच विष किनाऱ्यावर परत आले. आता प्रश्न विचारला पाहिजे की दिवसातून तीन वेळा मासाच कोण खातो? ज्याच्या घरात तांदूळ विकत आणायला पैसा नसतो तो. युदो, मोदो, म्योजिन ह्या वस्त्यांतले हे लोक. त्यांतली पुष्कळ कुटुंबे अमाकुसा बेटांवरून पोटासाठी आलेली, आणि गावातले जुने रहिवासी त्यांना वाहत आलेली माणसे म्हणून खालचे लेखणारे. इशिमुरेंचा स्वतःचा जन्मही अमाकुसाचाच, १९२७ चा.

माणसांच्या आधी इतर जिवांनी साक्ष दिली. मासे पाण्यावर येऊ लागले, शिंपले तोंड वासून कुजू लागले, कावळे उडता उडता खाली पडू लागले. मांजरे नाचल्यासारखी गरगर फिरून मरत. १९५४ च्या ऑगस्टमध्ये स्थानिक वर्तमानपत्राने बातमी छापली की मोदो वस्तीतली मांजरे संपली आणि उंदरांचा सुळसुळाट झाला. बातमी उंदरांच्या उपद्रवाची होती. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने पाच वर्षांच्या एका मुलीची आणि तिच्या धाकट्या बहिणीची नोंद आरोग्य केंद्राकडे केली. मिनामाता रोगाचा अधिकृत शोध लागला तो ह्या दिवशी.

सुरुवातीला हा रोग संसर्गजन्य समजला गेला. घरे जंतुनाशकाने धुतली, रोग्यांना वेगळे ठेवले. शेजाऱ्यांनी वाट बदलली. त्या काळच्या आठवणींत असे येते की दुकानदार ह्या घरच्या माणसांच्या हातचे पैसे हाताने घेत नसत, चॉपस्टिकने उचलीत. मी हा मजकूर वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. माझ्या आईच्या तळहातावर गावातला दुकानदार सुटे पैसे वरून टाकायचा. जपानमध्ये आपल्यासारखी दुसरी एक जात-परंपरा आहेच, तिच्याविषयी इथे बोलत नाही. सांगायचे ते एवढेच, की समुद्र बिघडला तेव्हा अस्पृश्यता किनाऱ्यावर नव्याने तयार करता आली, आणि तीही काही महिन्यांत. ‘मानवी परिणाम’ ह्या सदराखाली ही नोंद कोठे करायची?

पुढचा इतिहास थोडक्यात. सांडपाण्याकडे संशय वळला तेव्हा सप्टेंबर १९५८ मध्ये कंपनीने विसर्गाचे तोंड बंदरातून नदीच्या मुखाशी नेले. परिणामी रोग उपसागरापुरता न राहता सबंध शिरानुई किनाऱ्यावर पसरला. ऑक्टोबर १९५९ मध्ये कारखान्याच्या रुग्णालयाचे डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नातून घालून पाहिलेले चारशे क्रमांकाचे मांजर त्याच लक्षणांनी पडले. तो निष्कर्ष दाबून ठेवला गेला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी मच्छीमार कारखान्यात घुसले, मोडतोड झाली, त्यांच्यावर खटले झाले. पाचच दिवसांनी नगराध्यक्ष, व्यापारी मंडळ आणि कारखान्याची कामगार संघटना ह्यांचे शिष्टमंडळ राज्यपालांकडे गेले आणि सांडपाणी थांबवू नका असे विनवून आले. कामगार संघटना! डाव्या चळवळीत काम करणाऱ्या आपल्या मित्रांनी ह्या तपशिलापाशी थोडे थांबावे. ३० डिसेंबर १९५९ रोजी रुग्णांकडून एक करार सही करून घेतला गेला. मृताचे तीन लाख येन, प्रौढ रुग्णाला वर्षाचे एक लाख. आणि पुढे रोगाचे कारण कारखानाच ठरला तरी नवी मागणी करायची नाही. ह्या पैशाला भरपाई म्हटलेले नव्हते, सांत्वनाची रक्कम म्हटले होते. १९२६ चीच अट, आकडा वाढवून.

सांडपाणी चालूच राहिले. १९६५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्याखाली, निईगाताच्या आगानो नदीकाठी, हाच रोग पुन्हा निघाला. १९६८ च्या मे महिन्यात चिस्सोने ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन थांबवले, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने कारण मान्य केले. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी प्रक्रिया जुनी होऊन बंद पडली, मग सत्य अधिकृत झाले.

आता पुस्तक. इशिमुरे ना रुग्ण, ना डॉक्टर, ना पत्रकार. गरीब घरातली गृहिणी. मुलगा क्षयाने रुग्णालयात होता तेव्हा तिथल्या ‘विचित्र रोगा’च्या वॉर्डाशी तिची गाठ पडली. १९५८ साली खाणकामगारांच्या मुलखात निघालेल्या ‘साकुरू मुरा’ ह्या छोट्या नियतकालिकाच्या गटात ती होती, आणि युकी ह्या स्त्रीचे प्रकरण पहिल्या रूपात १९६० मध्ये तिथेच छापले गेले. मोठ्या साहित्यपत्रांना ज्याचे सोयरसुतक नव्हते ते सायक्लोस्टाइलच्या पातळीवरच्या पत्राने जगापुढे आणले. आपल्या अनियतकालिकांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

पुस्तकाची बांधणी विलक्षण आहे. एका पानावर वैद्यकीय अहवाल जसाच्या तसा: अमुक वयाची स्त्री, हातपाय थरथरतात, दृष्टीचा परीघ आकुंचित, बोलणे अडखळते. पुढच्या पानावर तीच स्त्री मिनामाताच्या बोलीत बोलू लागते. युकी ही नवऱ्याबरोबर होडीवर जाणारी कोळीण. ती सांगते की समुद्राच्या तळालाही ऋतू असतात, बघण्याच्या जागा असतात, वनस्पती फुलतात. मडक्यातून काढलेला ऑक्टोपस होडीच्या बुडाला चिकटून बसतो आणि तिला तो हट्टी पोरासारखा वाटतो. तिची एकच मागणी आहे: पुन्हा वल्हे हातात धरता यावे. रुग्णालयात तिचा गर्भ पाडतात. नंतर ताटात आलेला मासा तिला आपले मूल वाटू लागतो. अहवालात तिच्या शरीराला कसलाही भूतकाळ नव्हता. बोलीत तो सगळा परत येतो, आणि वाचकाला कळते की जी परिसंस्था मोडली तिच्यात ही बाई होती. ती ‘समुद्रावर परिणाम करणारा मानव’ नव्हती. ऑक्टोपस जसा त्या समुद्राचा तशीच तीही.

परंतु येथे समीक्षकाला अडचण येते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे युकीचे बोलणे युकीचे नाही. १९७२ च्या आवृत्तीला वातानाबे क्योजी ह्या संपादक-मित्राने जोडलेल्या विवेचनातून उघड झाले की ही निवेदने ध्वनिमुद्रित केलेली नाहीत, ऐकून उतरवून घेतलेलीही नाहीत. लेखिका रुग्णांना फार वेळा भेटलीही नव्हती. रुग्णाच्या मनात जे असेल असे तिला जाणवले ते तिने त्यांच्या तोंडी घातले. गंमत अशी, की १९७० साली एका प्रकाशकाने वास्तवकथनासाठी ठेवलेले पहिले ओया सोइची पारितोषिक ह्याच पुस्तकाला जाहीर झाले होते. तिने ते नाकारले.

आपल्या साहित्याने स्वानुभवाची कसोटी मोठ्या संघर्षातून उभी केली. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही ती भूमिका. शतकानुशतके आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले आणि आपल्याला दयेचा नाही तर विनोदाचा विषय केले, म्हणून ती आवश्यक होती. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा मराठी वाचकाला बसलेला धक्का हा शैलीचा नव्हता, बोलणारा बदलल्याचा होता. त्या कसोटीवर ‘कुगाई जोदो’ नापास होते. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हे सरळ विचारलेच: सर, मग हिला आपण परकीच म्हणायचे का?

मला तसे वाटत नाही. पण कारण सांगितले पाहिजे. सहानुभूतीचे लेखन आपल्याला खटकते ते त्यात लिहिणाऱ्याचे काहीच पणाला लागलेले नसते म्हणून. दुःख त्याचे नसते, पुस्तक त्याचे असते, मानधनही त्याचेच. इशिमुरेंनी १९६८ च्या जानेवारीत, गाव कारखान्याच्या बाजूला असताना, रुग्णांच्या पाठीशी उभी राहणारी नागरिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. ज्या गावात तिला रोज बाजारात जायचे होते त्याच गावात. २८ नोव्हेंबर १९७० रोजी रुग्णांनी चिस्सोचा एकेक समभाग विकत घेऊन ओसाकाच्या भागधारकांच्या सभेत प्रवेश मिळवला आणि पांढऱ्या यात्रेकरूंच्या वेशात भजने गायिली. तेव्हा ती त्यांच्यात होती. चळवळीच्या काळ्या झेंड्यावरचे एकच अक्षर तिने सुचवलेले. त्याचा अर्थ मनातला सल, न विझलेले वैर. म्हणजे तिने त्यांचा आवाज उसना घेतला असेल, पण त्याचे भाडे ती आयुष्यभर भरीत राहिली. मॅगसेसे पुरस्कार १९७३ चा, मृत्यू २०१८ चा. मधल्या सगळ्या काळात विषय एकच.

तरीही माझी एक हरकत कायम आहे. तिची युकी फार सुंदर बोलते. कारखान्याआधीचा समुद्र, होडीवरचे नवरा-बायको, समुद्राच्या पाण्यात शिजवलेला भात, ह्या वर्णनांत एक हरवलेला स्वर्ग तयार होतो. ज्याला गाव म्हणजे काय हे पाठीवर ठाऊक आहे तो अशा स्वर्गाकडे संशयाने पाहणारच. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे सांगितले ते विसरून आपल्याला कोणतेही ग्रामगीत ऐकता येत नाही. इशिमुरेंना हे कळत नव्हते असे नाही. ‘त्सुबाकी नो उमी नो की’ ह्या बालपणीच्या आठवणींत मिनामाताच्या वेश्यावस्तीत विकल्या गेलेल्या मुली आहेत, वेडसर आजी आहे. पण ‘कुगाई जोदो’त ती बाजू मागे पडते. शीर्षकातच ती ओढ आहे. ‘कुगाई’ म्हणजे दुःखाचा सागर, ‘जोदो’ म्हणजे बौद्धांच्या एका पंथाची शुद्धभूमी, मृत्यूनंतरची. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचून घडलेल्या वाचकाला दुःखाचे मूळ माणसाने माणसाशी केलेल्या व्यवहारात शोधायची सवय आहे. त्याला शुद्धभूमी इथेच पाहिजे, आणि तिचा सातबाराही पाहिजे.

ह्या पार्श्वभूमीवर ‘सावरण्याची शक्ती’ ही कल्पना तपासू. कॅनडाचे शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली एका निबंधात तिला शास्त्रीय रूप दिले. एखादी परिसंस्था किती धक्के पचवूनही आपले अंतर्गत संबंध टिकवते, हा त्यांचा प्रश्न. कल्पना मोलाची आहे. तोवर स्थिर दिसणे म्हणजेच निरोगी असणे असे समजले जाई. पण तिच्यात मोजला जातो तो समूह. एक मासा मेला, दुसरा जन्मला, संबंध टिकले, की परिसंस्था सावरली. त्याच १९७३ च्या २० मार्चला कुमामोतो जिल्हा न्यायालयाने चिस्सोला दोषी ठरवून सांत्वनाचा तो करार रद्दबातल केला. तिथे मोजली गेली ती माणसे, एकेक करून, नावानिशी.

मिनामाताचा उपसागर सावरला, हे खरेच आहे. १९७४ मध्ये त्याच्या तोंडावर चार किलोमीटरांहून लांब जाळे टाकून दूषित मासे अडवले. १९७७ ते १९९० एवढी वर्षे गाळ उपसण्याचे काम चालले. सुमारे पंधरा लाख घनमीटर गाळ, सुमारे ४८५० कोटी येन खर्च. तो गाळ, आणि पकडून पिंपांत बंद केलेले मासे, ५८ हेक्टर भरावाखाली गाडले. दशलक्ष भागांत २५ हून कमी पारा असलेला गाळ जागीच राहू दिला. माशांतले पाऱ्याचे प्रमाण उतरले, १९९७ च्या जुलैत राज्यपालांनी समुद्र सुरक्षित झाल्याचे जाहीर केले आणि जाळे निघाले. भरावावर आता हिरवळ आणि उद्यान आहे. माशांच्या पिढ्या पुष्कळ झाल्या. मेंदूची पेशी मात्र एकदा गेली की परत येत नाही, आणि माणसाला पिढी बदलून बरे होता येत नाही. पिढी बदलली तरी काय? हारादा मासाझुमी ह्या डॉक्टरांनी १९६२ साली दाखवून दिले की वार गर्भाचे रक्षण करते ही वैद्यकाची समजूत इथे लागू पडत नाही; आईला फारशी लक्षणे नाहीत आणि मूल जन्मतःच पारा घेऊन आलेले. जपानी घरांत मुलाची वाळलेली नाळ पेटीत जपून ठेवतात. पुढे त्या नाळा तपासल्या गेल्या, आणि त्यांतला पारा कारखान्याच्या उत्पादनाबरोबर चढत-उतरत गेलेला आढळला. आपण नाळ जमिनीत पुरतो आणि तिथली ओढ सांगतो. त्या बायकांनी पेटीत जपलेली नाळ हा पुरावा ठरला. युकीच्या सुंदर बोलण्यापेक्षा ह्या पेट्या मला जास्त बोलक्या वाटतात.

ज्यांना अधिकृत मान्यता मिळाली असे रुग्ण सुमारे २२८० आहेत. अर्ज केलेल्यांची संख्या ह्याच्या अनेक पटींनी मोठी. १९७७ मध्ये निकष इतके घट्ट केले की एकट्यादुकट्या लक्षणाने कोणी रुग्ण ठरेना. प्रमाणपत्र आणि पडताळणी ह्या गोष्टी काय असतात हे ह्या त्रैमासिकाच्या वाचकाला मी सांगायला नको. राज्यसंस्थेची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती २००४ साली. खटले त्यानंतरही चालूच आहेत. २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने आणखी १२८ वादींना रुग्ण मानले. १ मे २०२४ रोजी, अधिकृत शोधाच्या दिवशीच, पर्यावरणमंत्री मिनामाताला आले असता रुग्णांच्या प्रतिनिधींना तीन-तीन मिनिटे दिली होती. एक वृद्ध आपल्या वारलेल्या पत्नीविषयी बोलत होता. वेळ संपली म्हणून अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. आठवडाभराने मंत्र्यांनी माफी मागितली.

ह्यानंतर ओगाता मासातो यांच्याविषयी लिहिले पाहिजे, कारण माझ्या मूळ प्रश्नाला सर्वांत अवघड उत्तर त्यांनी दिले आहे. शिरानुईचे मच्छीमार, जन्म १९५३ चा. ते सहा वर्षांचे असताना वडील ह्या रोगाने गेले. पुढे रुग्णांच्या लढ्यात ते आघाडीवर होते, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःचा मान्यतेचा अर्जच मागे घेतला. समोर माणूस येतच नाही, यंत्रणा येते, असा त्यांचा अनुभव होता. १९८७ साली लाकडी होडी बांधून ते कारखान्याशी गेले आणि दाराशी बसून राहिले. २००१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. शीर्षकाचा अर्थ, चिस्सो म्हणजे मीच होतो. त्या कंपनीत मी नोकर असतो तर वेगळे वागलो असतो का, माझ्या घरातले प्लास्टिक कोठून आले, असे ते स्वतःला विचारतात.

पाठ्यपुस्तकातला ‘मानव’ आणि ओगातांचा ‘मी’ वरवर सारखेच दिसतात; दोन्हींत दोष सर्वांचा आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांचे वैरी आहेत. ओगातांनी सगळा दावा मांडून झाल्यावर, बाप गमावून, पैसा नाकारून ‘मी’ म्हटले आहे. पाठ्यपुस्तकातला मानव दावा मांडलाच जाऊ नये म्हणून आलेला आहे. ‘आपण सगळेच जबाबदार’ हे वाक्य पीडिताने म्हटले तर ती करुणा होते, आरोपीच्या वकिलाने म्हटले तर ती पळवाट होते, आणि तटस्थ अभ्यासकाने म्हटले तर बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते.

आपल्या मुंबईत हे रोज दिसते. वांद्रे-कुर्ला संकुल मिठीच्या मुखाशी पाणथळ, तिवरांच्या जमिनीत भर घालून उभे राहिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी शहरात शिरले. त्यानंतर ‘मानवी अतिक्रमण’ हा शब्द उच्चारला गेला तेव्हा बोट कोठे गेले? मिठीच्या काठच्या झोपड्यांकडे. संकुलाला कोणी अतिक्रमण म्हणत नाही, तो विकास. म्हणजे आपल्याकडे ‘मानव’ हा शब्द दोष वाटताना खाली उतरतो आणि लाभ वाटताना वर चढतो. पाण्याचा स्वभाव तरी ह्याहून सरळ आहे.

अनुवादाविषयी थोडे. इंग्रजीत मिनामाताची बोली बहुतांशी हरवते; युकी सुशिक्षित बाईसारखी बोलू लागते, आणि मी वर घेतलेली ‘फार सुंदर’ ही हरकत काही अंशी त्या इंग्रजीवरही असू शकेल. मराठीत हे पुस्तक प्रमाण भाषेत आणले तर तो दुसरा अन्याय होईल. युकीचे प्रकरण दालदी बोलीत किंवा आगरी-कोळ्यांच्या बोलीत उतरले पाहिजे, आणि अहवाल, करार, शिष्टमंडळाची विनवणी हे सगळे आपल्या सरकारी परिपत्रकांच्या मराठीत. रत्नागिरी-रायगडकडच्या महाविद्यालयांत ह्या समाजांतून आलेले शिक्षक आता आहेत. पहिल्या पिढीचे, माझ्यासारखेच. मूळ जपानी जाणणारा कोणी सोबतीला घेऊन त्यांनी निदान ते एक प्रकरण करावे. मला ती बोली येत नाही. त्यांनी केले तर मुद्रिते तपासण्याचे काम मी आनंदाने करीन.